‘मास्क करू नकोस’ म्हणजे काय, काका?

पत्र असं आहे:

‘काका, नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावातली, कुडाळला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा पहिल्यांदाच मला एकांकिकेत घेतलंय. बसवायला आलेल्या सरांनी मुंबईत बरंच काम केलेलं आहे. पहिल्याच दिवशी ते ओरडले, “डाऊन राइटला ये, आणि त्याला मास्क करू नकोस!” मी म्हटलं, “सर, मी मास्क आणलेलाच नाही.” सगळे हसून लोळले. तेव्हापासून माझं नावच “मास्क” पडलंय. क्यू, बेअरिंग, लाफ्टर, बिझनेस, प्रॉपर्टी, रोज नवे शब्द कानावर पडतात आणि मी नुसती मान हलवते. त्यात पुढच्या महिन्यात नाट्यशास्त्राची तोंडी परीक्षा. तिथे नेपथ्य, जनांतिक, सात्त्विक अभिनय. माझे आजोबा दशावतारात राजपार्ट करायचे. ते म्हणतात, “ह्यातला काय एक ठावक नसताना आमी रातभर नाटक केला.” मला शब्द आणि अर्थ अशी यादी द्याल का? पाठ करून टाकते.

– मास्क’

बाय, टोपणनावाचं मनावर घेऊ नकोस. आमच्या हौशी मंडळात एकाला गेली वीस वर्षं ‘ब्लँक’ म्हणतात. पहिल्या प्रयोगात तो वाक्य विसरून ढिम्म उभा राहिला होता, तेवढ्यावरून. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाला, तरी तालमीत तो ब्लँकच.

यादी मी देणार नाही. अशी यादी मीही एकदा वहीत उतरवली होती. तिच्यात ‘क्यू म्हणजे संकेत’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. त्या संध्याकाळी तालमीत क्यू चुकलाच. रंगमंचावरचा जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाच्या तरी अडचणीतून आलेला असतो. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणी अंधारात टेबलाला धडकलं. ती अडचण कुणाची, हे एकदा कळलं की शब्द पाठ करावा लागत नाही.

तुझ्याच शब्दापासून सुरुवात करू. मास्क करणं म्हणजे दुसऱ्या नटाच्या पुढे येऊन त्याला प्रेक्षकांपासून झाकून टाकणं. अडचण प्रेक्षकाची. तो पैसे देऊन आलाय आणि त्याला बोलणाऱ्याच्या तोंडाऐवजी तुझी वेणी दिसतेय. यात दोष नेहमी पुढच्याचाच असतो असं नाही. मागच्यानेही अर्धं पाऊल सरकून आपली जागा मोकळी करून घ्यायची असते. मात्र हाच शब्द तुला दुसऱ्या अर्थानेही ऐकू येईल. नेपथ्य लावणारी पोरं म्हणतील, ‘डावीकडे मास्किंग झालेलं नाही.’ त्यांना म्हणायचंय की विंगेच्या, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाच्या, फटीतून आतला चहाचा किटली-पेला पहिल्या रांगेला दिसतोय, तिथे काळा कपडा लावा. नटाने केलं तर चूक, कापडाने केलं तर काम. विंगेत उभं राहून नाटक बघायची खोड सगळ्यांना असते, त्यावर एकच तोडगा: तुला प्रेक्षक दिसत असले, तर त्यांनाही तू दिसतेस. मागे हो.

आता डाऊन राइट. इथे मुंबई-पुण्याच्या मुलांपेक्षा तुझं काम सोपं आहे, कारण तू किनाऱ्यावरची. वेंगुर्ल्याच्या बंदरावर जा आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहा. समुद्र म्हणजे प्रेक्षक. तुझ्या पाठीमागे जमीन चढत चढत आंबोलीच्या घाटापर्यंत जाते, ते अप. समोर उतरत पाण्याला टेकते, ते डाऊन. आपण घाटावर ‘वर’ जातो आणि बंदरावर ‘खाली’ उतरतो, अगदी तसंच. तुझा उजवा हात मालवणकडे, तो राइट. डावा हात शिरोडा, पुढे गोवा, तो लेफ्ट. म्हणजे सर ‘डाऊन राइट’ म्हणाले की पाण्याच्या कडेला, मालवणच्या बाजूला. ‘अप लेफ्ट’ म्हणाले की घाटाच्या पायथ्याशी, गोव्याच्या अंगाला. मधला पट्टा सेंटर. आडव्या तीन आणि उभ्या तीन पट्ट्यांचे असे नऊ चौकोन होतात.

ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत रंगमंच खरोखरच उतरता असायचा, मागे उंच आणि प्रेक्षकांकडे ढळता, म्हणजे मागे उभे असलेलेही दिसावेत. पुढे रंगमंच सपाट झाले, पण शब्द राहिले. डावं-उजवं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचं धरायचं. तरी पहिल्या दिवशी एकदा विचारून घ्यावं, कारण समोर खुर्चीत बसलेला दिग्दर्शक रंगात आला की स्वतःच्याच हाताने डावं-उजवं सांगायला लागतो आणि मग दोन माणसं टेबलावर आदळतात.

याच उतारातून एक लबाडीही जन्माला आलीय. दोघांचा संवाद चालू असताना एक जण हळूहळू मागे, अपला सरकतो. त्याच्याशी बोलायचं तर दुसऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. मग मागच्याचा चेहरा सगळ्यांना दिसतो आणि पुढच्याची फक्त पाठ. याला अपस्टेज करणं म्हणतात. स्पर्धेत हे सर्रास चालतं, आणि करणारा वर साळसूदपणे ‘मला मूव्हमेंट तशीच दिलीय’ म्हणतो. तुझ्याबाबतीत कुणी असं केलं तर भांडू नकोस. पायांची बोटं प्रेक्षकांकडे तिरकी ठेव, खांदा मोकळा ठेव आणि त्याच्याकडे फक्त मान वळवून बोल. सर ‘ओपन राहा’ म्हणतात ते हेच.

मूव्हमेंटचा विषय निघालाच आहे. कोणत्या वाक्यावर कोण कुठून कुठे जाणार हे ठरवण्याला ब्लॉकिंग म्हणतात. संहितेच्या समासात ते लिहून ठेवायचं, आणि पेन्सिलने. पेनाने लिहिणारा नट मी फार काळ टिकलेला पाहिला नाही, कारण दिग्दर्शक चौथ्या दिवशी सगळं बदलतो. बिझनेस म्हणजे धंदा नव्हे. वाक्य नसताना किंवा वाक्य चालू असताना हातांना दिलेलं काम म्हणजे बिझनेस: तांदूळ निवडणं, सुपारी कातरणं, चष्मा पुसणं. अडचण इथे तुझ्याच हातांची. रंगमंचावर आल्याबरोबर हात दीड फुटाने लांब झाल्यासारखे वाटतात आणि कुठे ठेवावेत ते कळत नाही. पण बिझनेस जपून. एका नाटकात आमची एक नटी मागे बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायचा अभिनय इतका हुबेहूब करायची, की पुढे नायक मरत होता तरी लोक तिच्याकडे बघत होते. सोलताना ती एकदा बोटाला काटा टोचल्यासारखं ‘स्स्’ करायची, आणि तिथे टाळी.

आता माझ्या हक्काचा शब्द, क्यू. मी अकरा वर्षं प्रॉम्प्टर होतो, म्हणजे नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगणारा. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता, हातात बॅटरी. क्यू म्हणजे तुझ्या आधीच्या माणसाच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, किंवा दाराची कडी वाजणं, दिवा लागणं, जे झाल्यावर तू बोलायचंस किंवा यायचंस. प्रकाश आणि संगीत चालवणाऱ्यांचेही क्यू असतात, ते क्यूशीटवर लिहिलेले असतात. ‘क्यू उचल’ म्हणजे मध्ये रिकामी जागा सोडू नकोस. नव्या मुलांची चूक अशी की ती फक्त स्वतःची वाक्यं पाठ करतात. मग समोरच्याने ‘मी उद्या जातो’ऐवजी ‘उद्या निघतो मी’ म्हटलं की ही थांबून राहतात, जणू एसटी चुकली.

तुझे आजोबा यात पदवीधर आहेत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं, प्रसंग कसे येणार, हे आधी ठरतं आणि संवाद उभ्याउभ्या बोलले जातात. म्हणजे समोरचा राक्षस आज कुठल्या शब्दावर थांबणार हे राजाला आधी ठाऊक नसतं. तो राक्षसाचं ऐकतो. वाक्य कुठे उतरतंय, श्वास कुठे संपतोय, हे कानाने पकडून आपलं वाक्य टाकतो. शब्द माहीत नसेल, पण तुझ्या पूर्ण कॉलेजात त्यांच्यासारखा क्यू उचलणारा कुणी सापडणार नाही. एका संध्याकाळी त्यांच्यासमोर संहिता घेऊन बस, समोरची वाक्यं त्यांना त्यांच्या मनाने बोलायला सांग आणि तू तुझी लिहिलेली बोल. ते मुद्दाम वाट वाकडी करतील. करू दे.

क्यूचा जुळा भाऊ पॉज. पॉज घेतला जातो आणि गॅप पडते. प्रेक्षकाला दोन्हींत शांतताच ऐकू येते, तरी त्याला फरक बरोबर कळतो. पॉजमध्ये नट काहीतरी करत असतो: ऐकत असतो, गिळत असतो, निर्णय घेत असतो. गॅपमध्ये तो छताकडे बघतो. हा फरक प्रॉम्प्टरलाही कळायला हवा, आणि मला एकदा तो कळला नाही. आमचा ज्येष्ठ नट मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून थांबला. मला वाटलं गेला, ब्लँक झाला. मी पुढचं वाक्य दिलं. तो हलेना. मी आणखी मोठ्याने दिलं. चौथ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘अहो, आम्हाला आलं ऐकू, त्यांना येत नाहीय.’ पडदा पडल्यावर तो नट माझ्याजवळ आला, काही बोलला नाही, माझ्या हातातली बॅटरी बंद केली आणि रंगपटात गेला. रंगपट म्हणजे मेकअपची, कपडे बदलायची खोली. हा शब्द विसरू नकोस, कारण इंग्रजी ‘ग्रीन रूम’पेक्षा तो कितीतरी देखणा आहे.

लाफ्टर: विनोदाला येणारं हसू. लाफ्टर खाणं म्हणजे लोक हसत असतानाच पुढचं वाक्य बोलून टाकणं. त्याने दोन नुकसानं होतात. हसू कापलं जातं आणि पुढचं वाक्य कुणालाच ऐकू येत नाही. हसण्याची लाट वर चढू द्यायची आणि ती उतरणीला लागली, पूर्ण विरायच्या आत, बोलायचं. ती विरल्यावर बोललीस तर थंड पडतं. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ नुसतं वाचून हे कळत नाही. गावातल्या मंडळींचं नाटक बसताना आणि होताना जे जे बिनसू शकतं ते सगळं त्यात आहे. त्यातल्या मच्छिंद्र कांबळींची जुनी चित्रफीत मिळाली तर हसू नकोस, मोज. हसू आल्यावर ते काय करत थांबतात, ते बघ.

बेअरिंग म्हणजे स्कूटरचं नव्हे. ठरवलेल्या पात्राची चाल, आवाज, वय, स्वभाव हे सगळं शेवटपर्यंत धरून ठेवणं. म्हाताऱ्याचं काम करणारा मुलगा भांडणाच्या प्रसंगात ताडकन उठला की ‘बेअरिंग सुटलं’. ते सुटतं बहुधा दोन ठिकाणी, राग आला की आणि वाक्य संपलं की. आपलं बोलून झाल्यावर बरेच जण घरी परत जातात, फक्त शरीर रंगमंचावर असतं.

यापेक्षा जास्त जीव मला एका शब्दावर टाकायचाय, तो म्हणजे आवाजाची फेक. सर कदाचित प्रोजेक्शन म्हणतील. फेक म्हणजे ओरडणं नव्हे. ओरडलं की आवाज घशात अडकतो आणि तिसऱ्या प्रयोगाला बसतो. पोटातून श्वास, तोंड मोकळं आणि शेवटच्या रांगेतल्या एका माणसाला सांगतोय असं बोलणं. पण मराठीत फेकीची खरी परीक्षा वाक्याच्या शेवटी असते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही नंतर. ‘मी ह्या घरातून कधीही जाणार नाही’ हे वाक्य घे. बहुतेक नवे नट ‘मी ह्या घरातून’ दणक्यात बोलतात आणि ‘जाणार नाही’पर्यंत श्वास संपतो. मागच्या रांगेला ऐकू येतं, ‘मी ह्या घरातून कधीही जाणार’. नाटकाचा अर्थच उलटा झाला! याला वाक्य पाडणं म्हणतात. सर ‘वाक्य पडतंय’ म्हणाले तर आवाज वाढवू नकोस, श्वास वाटून घे, म्हणजे ‘नाही’पर्यंत तो पुरला पाहिजे. आपल्याकडे देवळासमोरच्या मांडवात, सुरूच्या बनातला वारा आणि जनरेटरची घरघर यांच्यावर मात करून ज्यांनी संवाद ऐकवलेत, त्यांची वाक्यं कधी पडत नाहीत. परत आजोबाच.

प्रॉपर्टी. कोकणात हा शब्द काढला की माणसं सातबारा आणि आंब्याची कलमं आठवून गंभीर होतात. रंगमंचावर प्रॉपर्टी म्हणजे वापरायच्या वस्तू: कंदील, पत्र, छत्री, तांब्या. नट स्वतः हातात घेऊन येतो ती हँड प्रॉपर्टी. तिच्याकडे नंतर येतो.

प्रकाशाचे शब्द भराभर सांगतो, ते तू बघून शिकशील. स्पॉट म्हणजे एकाच जागेवर टाकलेला झोत, फेड आऊट म्हणजे हळूहळू मालवणं, ब्लॅकआऊट म्हणजे एका झटक्यात अंधार. ‘लाइट घे’ म्हणजे झोतात उभी राहा. जुन्या दिव्यांची चेहऱ्यावर ऊब लागायची, त्यावरून आम्हाला जागा कळायची. एलईडीला तेवढी ऊब नाही, म्हणून जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून घे. एक मौज सांगतो. आपण कुणी प्रसिद्धीच्या झोतात आलं की ‘लाइमलाइटमध्ये आलाय’ म्हणतो. ते लाइम म्हणजे लिंबू नव्हे, चुना. विजेचे दिवे येण्याआधी चुन्याचा तुकडा प्राणवायू आणि हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून त्याचा लख्ख पांढरा उजेड रंगमंचावर टाकत. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो 1837 साली वापरला गेला. आपल्या किनाऱ्यावर शिंपल्या भाजून ज्याने घरं रंगवली, भिंती बांधल्या, तोच चुना.

आता तोंडी परीक्षा. इथे गोम अशी की काही शब्द जुनेच आहेत, पण अर्थ घर बदलून गेलेत. परीक्षक नेमके तिथेच पकडतात.

नेपथ्य म्हटलं की तुला सेट आठवेल: भिंती, दारं, सोफा. आजच्या मराठीत ते बरोबरच आहे. पण संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथे नट सजतात, आणि त्यांची वेशभूषाही. संहितेत ‘नेपथ्ये’ असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ ‘पडद्याआडून आवाज येतो’. त्याहून फसवा शब्द ‘प्रकाशम्’. त्याचा दिव्यांशी काही संबंध नाही. स्वगत, म्हणजे मनाशी बोलणं, संपवून पात्र पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागलं, की तिथे ‘प्रकाशम्’ लिहितात. एका विद्यार्थ्याने त्याचं ‘येथे दिवे लागतात’ असं भाषांतर केलेलं मी पाहिलंय.

जनांतिक म्हणजे रंगमंचावर बरेच जण असताना दोघांनी आपसात बोलायचं आणि बाकीच्यांना ते ऐकू गेलं नाही असं धरायचं. त्यासाठी हाताची खूण ठरलेली होती, त्रिपताक: सगळी बोटं सरळ, अनामिका तेवढी दुमडलेली, आणि त्या हाताने इतरांना आड केल्यासारखं करायचं. तोंडी परीक्षेत हात करून दाखव, परीक्षक खूष होतील. अपवारित त्याच्या जवळचं: वळून एकालाच गुपित सांगणं. आकाशभाषित म्हणजे समोर नसलेल्या माणसाशी बोलणं आणि ‘काय म्हणतोस?’ असं विचारून त्याचं उत्तरही आपणच सांगणं. अवघड वाटतं? तुझ्या एकांकिकेत कुणी फोनवर बोलत असेल, तर तो आकाशभाषितच करतोय. फोनच्या प्रसंगात नवखा नट पलीकडच्याला बोलायला वेळच देत नाही, तेव्हा हा जुना नियम आठवावा.

अभिनयाचे चार प्रकार भरताच्या नाट्यशास्त्रात आहेत. आंगिक शरीराचा, वाचिक वाणीचा, आहार्य वेश-रंगभूषेचा. चौथा सात्त्विक, आणि तो कांदालसूण नसलेला अभिनय नव्हे. आतून भाव दाटल्यावर शरीरावर जे आपोआप उमटतं ते सात्त्विक: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे गोठून जाणं, घाम, काटा, आवाज फाटणं, कापणं, रंग उडणं, रडू आणि भान हरपणं. तू ‘मास्क आणला नाही’ म्हणालीस आणि सगळे हसले, तेव्हा यातले निदान तीन तुझ्या चेहऱ्यावर आले असणार. उदाहरण मागितलं तर तेच दे.

सूत्रधार या शब्दाचे तीन जन्म झालेत. संस्कृत नाटकात नांदीनंतर प्रस्तावना करणारा, नाटकाची सूत्रं हातात असणारा. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथे सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. हे ठळक लक्षात ठेव. ज्या प्रयोगाच्या आठवणीने आपण 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, त्यातही संवाद लिहिलेले नव्हते, तुझ्या आजोबांच्या नाटकासारखेच. आणि तिसरा जन्म आजच्या जाहिरातीत: व्यावसायिक नाटकाच्या श्रेयनामावलीत ‘सूत्रधार’ म्हणून नाव असतं ते प्रयोगांची सगळी व्यवस्था बघणाऱ्याचं. तारखा, बस, जेवण, मानधन. नाटक खरंच त्याच्या हातात असतं, म्हणा.

पूर्वरंगही विचारतील. नाट्यशास्त्रात मुख्य नाटकाआधीचे विधी, वादन, वंदन म्हणजे पूर्वरंग. हा शब्द पुस्तकात शोधण्यापेक्षा जत्रेत आठव. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, पुढे संकासुर आणि विष्णूची झटापट. हा सगळा आडदशावतार म्हणजे पूर्वरंग. मग आख्यान सुरू होतं, तो उत्तररंग, आणि पहाटे दहीकाला. इतकं स्वच्छ उदाहरण तुझ्या अंगणात असताना दुसरं देऊ नकोस.

आणि चौथी भिंत. खोलीच्या तीन भिंती रंगमंचावर आहेत, चौथी प्रेक्षकांच्या बाजूची अदृश्य आहे, आणि नटांनी ती खरीच आहे असं समजून वागायचं. फ्रान्समध्ये दिदरो या लेखकाने 1758 साली ही कल्पना मांडली. मराठीत खोलीचा असा खराखुरा देखावा ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने आणला, 1 जुलै 1933 रोजी. म्हणजे ही भिंत आपल्याकडे अजून शंभर वर्षांचीही नाही. संकासुराला ती कधीच नव्हती. तो समोर बसलेल्या गावकऱ्याला नावाने हाक मारतो. जर्मनीच्या ब्रेख्त या नाटककाराने ही भिंत विचारपूर्वक पाडली, प्रेक्षकाने भावनेत वाहून न जाता विचार करावा म्हणून. परीक्षेत ‘दशावतार म्हणजे ब्रेख्तच’ असं मात्र म्हणू नकोस, हल्ली ती फॅशन आहे. ब्रेख्तने असलेली भिंत तोडली. आपल्याकडे ती बांधलीच नव्हती. दोन्हींत फरक आहे.

तालमींची नावं सोपी आहेत. आधी वाचन, मग उभी तालीम, म्हणजे हालचालींसह, शेवटी रंगीत तालीम, म्हणजे कपडे, रंगभूषा, दिवे, सगळ्यासकट. त्या दिवशी गोंधळ झाला तर घाबरू नकोस, त्याचसाठी ती असते. प्रयोगाला तीन घंटा होतात. तिसरी झाली की विंगेत कुजबुजही नाही.

सरांनी उद्या न कळणारा शब्द टाकला तर मान हलवू नकोस. ‘सर, म्हणजे मी काय करू?’ असं विचार. ‘म्हणजे काय?’ विचारलंस तर ते व्याख्यान देतील, ‘काय करू?’ विचारलंस तर उठून करून दाखवतील.

आता राहिली हँड प्रॉपर्टी. तालुक्याच्या एका स्पर्धेत आमच्या नायकाला खिशातून तार काढून वडिलांना वाचून दाखवायची होती. सगळं नाटक त्या तारेवर. त्याने खिशात हात घातला, दुसऱ्या खिशात घातला, आणि मी विंगेतून बघतोय, तार माझ्या स्टुलाखाली पडलेली. पॉज नव्हता, गॅप होती, आणि ती लांबत चालली. शेवटी तो म्हणाला, ‘बाबा, तार वाटेत भिजली. पण मला पाठ आहे.’ आणि पूर्ण तार तोंडी म्हणाला, खालच्या तारखेसकट. परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं आणि आम्हाला प्रॉपर्टीचे दोन गुण कापले.

तुझ्या भूमिकेत पत्र, किल्ली, चष्मा, असं काही असलं तर पहिल्या घंटेला स्वतः हात लावून बघ. दुसऱ्या घंटेला पुन्हा बघ.

– काका